पिशवीत काय घालतीस?

बेटावरून,
६ डिसेंबर २०२४

आत्या,

जय जिनेंद्र. पोचले एकदाची. कोचीहून जहाज सुटल्यावर पहिला दिवस कठड्याला धरूनच काढला. पोटात काही म्हणता काही ठरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, तेवढीच पोटानं मानली. शेजारच्या बाकावरच्या बाईला अर्धी भाकरी दिली तर तिनं वास घेऊन विचारलं, हे कुणी केलं? म्हटलं, माझ्या आत्यानं, सदलग्याच्या. सदलगा कुठं ते तिला कळलं नाही, पण भाकरी कळली.

फोनची वाट बघू नकोस. इथं रेंज येते ती धक्क्याच्या टोकाला, तीही वारा पडला तर. आणि तुला फोनवर ऐकू येत नाही. "काय गं, काय गं" करत तू ठेवून देतेस. पत्र बरं. जहाजाबरोबर जातं, जहाजाबरोबर येतं.

आम्ही तिघं आहोत. प्रकल्प ज्यांचा आहे ते रविराज सर, बेळगुंदीची रचना आणि मी. ह्या एवढ्याशा बेटाभोवती शार्क किती उरलेत, कुठल्या जातीचे, कुठल्या बाजूला, आणि त्यांच्यासोबत बाकी मासे, कासवं काय आहे, ते मोजायचं. काही पकडायचं नाही. लोखंडी चौकटीवर कॅमेरा बसवून तळाशी सोडतात, तासाभरानं वर ओढतात, मग रेकॉर्डिंग बघत मोजायचं. आमचे होडीवाले कोयाकाका म्हणतात, त्यांच्या लहानपणी उथळ पाण्यातसुद्धा शार्कची पिल्लं पायाला घासून जायची, आता दिसत नाहीत. ती कुठं जन्मतात तेवढं जरी कळलं, तरी तिथं जाळी टाकायची नाही असं इथले लोकच ठरवतील. पण आधी जागा सापडायला हवी.

एक काम आहे. चौकटीपुढं दांडीला बांधायला कापडी पिशव्या लागतात. वीतभर लांब, चार बोटं रुंद, तोंडाला नाडी. आम्ही आणलेल्या वाटेत कुठं तरी राहिल्या. कापड झिरझिरीत हवं. वीस शिवून धाडशील? तुझ्याशिवाय मला दुसरं कुणी आठवलं नाही.

तुझी
दिव्या

*

सदलगा,
२० डिसेंबर

चि. दिव्या,

पत्र पोचलं. पोस्टमन भरमू पाकीट उलटंसुलटं करत दारात उभा. म्हणाला, आक्का, ह्येच्यावर खारं पाणी पडलंया. म्हटलं, दे इकडं, तुला काय चाटून बघायचं हाय?

पिशव्या धाडल्यात. तू वीस म्हणालीस, बावीस हाईत. झिरझिरीत कापड लिहिलंस ते काय मला पटलं न्हाय. पाण्यात जायची वस्तू आन् एकेरी कापड? आपल्या घरात पाणी दुपदरी फडक्यानं गाळत्यात आन् फडक्यात जे ऱ्हातं ते परत हिरीत सोडत्यात, हे तुला मी शिकवलंय. त्या समुद्रात किती बारीक जीव असतील. पिशवीत शिरून अडकून बसलं म्हंजे? म्हणून वडगावच्या मागावरचं घट्ट सुती कापड आणवलं आन् दुपदरी शिवून टाकल्या. टीप दोनदा मारलीया. तुझ्या त्या शार्कनं दात लावला तरी उसवायची न्हाय.

तुझा अण्णा अजून तोंडानं काय इचारत न्हाय. ऊसतोड चालू हाय, टोळी आलीया, त्या गडबडीत असतो म्हणायचं. पण काल ताटावर बसल्यावर म्हणाला, तिकडं दिवस कवा मावळतोय? म्हटलं, कशाला? म्हणाला, न्हाय, पोरगी त्याच्या आधी जेवती का न्हाय म्हणून. आता ह्याला काय म्हणावं. राग हाय, पण राग सोडून बाकी सगळं हाय.

तू हे शिकाय निघालीस तवा माझा दादा, तुझा अण्णा, दोन दिवस घरात बोलला न्हवता. जैनाची पोरगी आन् माशांचं शिक्षण, लोक काय म्हणतील. तवा बस्तीत देवापुढं उभं राहून मी त्याला शब्द दिला, पोरीच्या हातनं एकबी जीव जाणार न्हाय, तिच्या हातांची जबाबदारी माझी. त्या शब्दावर त्यो गप बसलाय. हे तुला धाक म्हणून लिहीत न्हाय. ध्यानात ऱ्हावं म्हणून लिहितो.

पिशवीत काय घालणार ते मात्र लिहिलं न्हाईस.

शालन आत्या

*

बेटावरून,
५ जानेवारी २०२५

आत्या,

पिशव्या मिळाल्या. बावीसच्या बावीस मोजून घेतल्या आणि तुझी टीप बघून सरसुद्धा म्हणाले, हे हात कुणाचे? फार उपयोग झाला. त्यात वाळू भरतो, चौकट पाण्यात हलू नये म्हणून, वजनाला.

परवा दक्षिणेच्या बाजूला एका तासात अकरा शार्क आले. बहुतेक काळ्या टोकाच्या पंखांचे, माणसाएवढे. एक कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला की त्याच्या नाकाच्या बाजूची बारीक भोकं मोजता आली. घाबरू नकोस, आम्ही वर होडीत असतो. त्यांना आमच्याशी काही घेणंदेणं नाही.

अण्णांना सांग, दिवस साडेसहाच्या आधी मावळतो आणि मी त्याच्या आधी जेवते. ह्याचं श्रेय कोयाकाकांना. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की सांज झाली की ही पोरगी न जेवता नुसती बसून राहते. त्यांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून होडी तासभर आधी वळवायला लागले. घरून भात आणि नारळाची चटणी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात आणतात. ह्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

रचनाचंही तसंच. बेळगुंदीच्या शेतातली पोरगी, बोलायला फटकळ, पण माझ्या वाटचं जे जड काम असेल ते आधी उचलते.

तुझी
दिव्या

*

सदलगा,
१८ जानेवारी

चि. दिव्या,

त्या कोयाला माझा नमस्कार सांग. त्याच्या बायकोलाबी. चटणी तिनंच केली असणार, नाव त्याचं हुतंय.

वाळू म्हणालीस. बरं.

आता बातमी ऐक. तुझं पत्र मी बस्तीत महिला मंडळात वाचून दाखवलं. सगळ्या आ वासून बसल्या. जयाबाई म्हणाली, आपल्या हातची पिशवी समुद्राच्या तळाला गेली, आमचा कधी पाय घोट्याच्या वर भिजला न्हाय. मग काय, प्रत्येकीला पिशवी शिवायची. साठ झाल्यात. दुपदरी हाईत सगळ्या, मी एकेक बघून घेतलीया. पार्सल येगळं धाडतो.

दुसरी बातमी मोठी. आपल्याकडं पंचकल्याणक पूजा ठरलीया, मुनी महाराज आल्यात. चौदा फेब्रुवारीला मी त्यांच्यापुढं श्राविकेची बारा व्रतं घेणार. लई वर्षं मनात हुतं. तेवीस वर्षांची असताना कपाळ रिकामं करून ह्या घरात परत आलो, दादानं एका शब्दानं दुखवलं न्हाय, तुझ्या आईनं ताट वाढताना कधी हात आखडला न्हाय. आता साठीला आलो. देवानं जे दिलं त्याला काय तरी परत द्यावं का न्हाय?

व्रताआधी महाराजांपुढं बसून झालेल्या चुका सांगायच्या असत्यात. मी चार दिवस आठवत बसलो. एकच सापडली. शेजारच्या कुमारच्या लग्नात जयाबाईनं लोणचं मागितलं तवा बरणीत असून संपलं म्हटलं हुतं. ती सांगणार. बाकी ह्या हातांनी कुणाचं वाईट केलेलं आठवत न्हाय. गर्व वाटतोय बघ मला, आन् गर्व वाटतोय हीबी चूकच, म्हंजे दोन झाल्या.

शालन आत्या

*

बेटावरून,
२७ जानेवारी

आत्या,

हे पत्र उद्याच्या विमानानं कोचीला जाणाऱ्या एका मास्तरांच्या हाती देते आहे, म्हणजे चौदा तारखेच्या आत तुला मिळेल. आधी एकटीच वाच. अण्णांना द्यायचं की नाही ते मग तू ठरव.

पिशवीत वाळू नसते. मासे असतात. कोळ्यांकडून घेतलेले मेलेले लहान मासे, कापून, ठेचून. त्या वासावर शार्क येतात आणि कॅमेऱ्यापुढं घुटमळतात. त्याला आमिष म्हणतात. मला हे घरून निघायच्या आधीपासून माहीत होतं. तू विचारलंस, आणि मी खोटं लिहिलं.

तुझ्या पिशव्या येईपर्यंत मासे तसेच दोरीनं दांडीला बांधत होतो. आल्या त्या दिवशी त्यांतल्या दोन वापरल्या. इतक्या घट्ट की वास बाहेर पडेना. दोन तासांत एक शार्क फिरकला नाही. मग सरांनी दुकानातून कांद्याची जाळीदार पोती मागून आणली आणि त्याच्या पिशव्या केल्या. बाकीच्या वीस कोऱ्या आहेत. त्यांना काही लागलेलं नाही, हे तुला सांगायला मला थोडं बरं वाटतं. पण दोन गेल्या, त्या तुझ्या हातच्या होत्या.

कापायचं काम रचनाचं होतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, तू चौकट धर, सुरी माझ्याकडं दे, तुझ्या घरच्यांना तोंड दाखवायचंय तुला. महिनाभर तिनं मला सुरीला हात लावू दिला नाही. पण दहा तारखेला तिला सडकून ताप भरला. चार दिवस उठली नाही. काम थांबवलं असतं तर आधीचे आकडे वाया गेले असते. मी कापले. चार दिवस, रोज सकाळी, धक्क्यावर बसून. मेलेलेच आहेत, मी कुठं मारते, असं मनाशी म्हणत. पण लहानपणी तूच पाठ करून घेतलं होतंस, केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि मान डोलवून होऊ दिलेलं, तिन्ही सारखंच. मग रचना कापत होती तेव्हाही ते माझंच होतं.

खोटं का लिहिलं? तू माझ्यासाठी देवापुढं शब्द दिलास. तुझ्या त्या एका शब्दावर मी इथं आले, समुद्र बघितला, हे काम मिळालं. आणि त्याच शब्दाचं मी काय केलं ते तुला कळू द्यायचं नव्हतं. चालवून नेलंही असतं. पण तू महाराजांपुढं बसून, ह्या हातांनी कुणाचं वाईट केलं नाही, असं म्हणणार, आणि ते माझ्यामुळं खोटं होणार, हे वाचलं आणि माझ्याच्यानं राहवेना. दोष माझा आहे. तू तो आपल्या अंगावर घेऊ नकोस. व्रत घे.

दिव्या

*

बेटावरून,
११ फेब्रुवारी

आत्या,

जहाज आलं. मंडळाच्या साठ पिशव्यांचं पार्सल आलं. तू ते माझं पत्र मिळायच्या आधी पाठवलेलं असणार. आत चिठ्ठी नव्हती.

पार्सल उघडून मी काय करावं कळेना. कोयाकाकांच्या बायकोनं एक पिशवी हातात घेऊन कापड चाचपलं आणि विचारलं, नारळाचं दूध गाळायला मिळेल का? दिली. दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या बायका आल्या. आता बेटावर घरोघरी सदलग्याच्या पिशवीनं दूध गाळतात. जयाबाईंना सांगायचं झालं तर हे खरं सांग.

तुझं पत्र येईल ना?

दिव्या

*

सदलगा,
२१ फेब्रुवारी

दिव्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली.

पहिलं आठ तारखेला आलं. शिलाई मशीनवर बसूनच वाचलं. लई राग आला. माशांचा न्हाय, वाळूचा. मला खोटं सांगायला तुझी जीभ कशी वळली, म्हणून. मग दादाला दिलं. त्यानं चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आन् रानात गेला. त्या दिवशी जेवला न्हाय. मीबी न्हाय. तुझी आई दोघांची ताटं झाकून बसली.

दुसऱ्या दिवशी महाराजांकडं गेलतो. सगळं सांगितलं. लोणच्याचंबी सांगितलं. महाराज म्हणाले, जे ठाऊक न्हवतं त्याचा दोष हलका असतो, एक उपास करा आन् व्रत घ्या. तिथनं उठून आलो आन् चार दिवस मला अन्नपाणी ग्वाड लागंना. पुन्हा गेलो. म्हटलं, महाराज, ठाऊक न्हवतं असं मला म्हणता येत न्हाय.

तुला सांगतो, कारण तू मला खरं सांगितलंस. चाळीस वर्षं मी कापड कापतो. वाळू भरायला झिरझिरीत कापड कोण मागंल? सगळी गळून जाईल. तुझं वाळूचं पत्र वाचतानाच माझं मन अडलं हुतं. हात मशीनवरनं खाली घेतला. पण मी पुन्हा इचारलं न्हाय. इचारलं असतं तर खरं कळलं असतं, आन् दादापुढं मान खाली घालावी लागली असती. त्यापरीस वाळू बरी. बरं म्हटलं आन् पुढची बातमी लिहाय घेतली. मान डोलवली ती अशी. तू चार दिवस कापलंस, मी महिनाभर डोळं झाकलं.

म्हणून चौदा तारखेला व्रत घेतलं न्हाय. तुझ्यामुळं न्हाय, माझ्यामुळं. हे नीट ध्यानात घे आन् रडत बसू नगंस.

मंडळात उभं राहून सांगितलं. मग जयाबाईच म्हणाली, आक्का, त्या दोन पिशव्या तुमच्या, आमच्या तर दुधाला लागल्या. हसल्या सगळ्या. मलाबी हसू आलं, काय करणार.

आता दादाचं. बारा दिवस गप हुता. परवा दारात येऊन बसला आन् म्हणाला, लिहिणार असशील तर माझं एक इचार. पोरगा असताना त्यो दूधगंगेच्या काठाला पाणमांजरं बघाय जायचा. पाण्यात काय टाकायचा न्हाय. करंजाच्या झाडाखाली नुसता बसायचा. आठ-आठ दिवस काय दिसायचं न्हाय. मग एखाद्या दिवशी आख्खं कुटुंब यायचं. म्हणतोय, आमिष न घालता तसं थांबून बसलं तर त्या कॅमेऱ्याला दिसणार न्हाय का? हुकूम न्हाय गं. तुझं काम तुला कळतं, आम्हाला काय कळतंय. त्यो इचारतोय म्हणून लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा तुझ्या कामाचं त्यानं तोंडानं इचारलंय.

तू खरं लिहिलंस. न लिहिता ऱ्हायली असतीस तर मी ते व्रत घेऊन बसलो असतो, वरनं धुतलेलं आन् आतनं मळकं. त्यातनं वाचवलंस. उपकार झाले.

शालन आत्या

*

बेटावरून,
१९ मार्च

आत्या,

तुझं पत्र तीन तारखेला मिळालं. धक्क्यावर उभी राहून वाचलं. तू रडू नकोस म्हणाली होतीस, तेवढं ऐकता आलं नाही.

अण्णांचा प्रश्न मी सरांना विचारला. ते हसले नाहीत. म्हणाले, करतात लोक तसंही, पण वेळ फार जातो, आणि हाती काय लागेल सांगता येत नाही. मग म्हणाले, पूर्वेचं उथळ पाणी आपण आमिष घालून दोनदा बघितलं, मोठे शार्क आले, बाकी काही नाही. उरलेले दिवस तिथं बिनआमिषाचे कॅमेरे ठेवून बघ. तुझं तू कर.

पहिले दहा दिवस वाळू बघितली. आत्या, वाळूचं सहा-सहा तासांचं रेकॉर्डिंग बघणं काय असतं ते मला विचार. मध्येच एक खेकडा आडवा जायचा, तर मी आणि रचना टाळ्या पिटायचो. ती म्हणायची, तुझ्या अण्णांना सांग, त्यांचं करंजाचं झाड पाठवून द्या, निदान सावली तरी. पण रोज सकाळी माझ्या आधी चौकट होडीत नेऊन ठेवायची.

चौदा तारखेला, चौथ्या तासाला, एक पिल्लू आलं. हातभर लांब, पंखांना काळी टोकं. मागून दुसरं. मग थांबायचं नावच नाही. एका वेळी कॅमेऱ्यापुढं तेवीस मोजली. तीनदा मोजली, मग सरांनी मोजली, मग कोयाकाकांनी बोट लावून मोजली आणि पडद्यावरचं बोट काढलंच नाही. म्हणाले, म्हणजे आहेत अजून.

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. आमिषाच्या वासाला मोठे शार्क यायचे, आणि मोठे आले की पिल्लं उथळातल्या झाडोऱ्यात पळून जायची. मोठा शार्क पिल्लांना खातो. आम्ही आमिष घालून त्यांना पळवून लावत होतो आणि पिल्लं नाहीत असं लिहीत होतो. सर म्हणाले, अहवालात ह्या पद्धतीमागं कुणाचा विचार ते लिहायला हवं. म्हटलं, माझे अण्णा, कलगोंडा, शेतकरी, सदलगा. त्यांनी तसं टिपून घेतलं.

परवा रात्री नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर बेटावरचे कोळी बसले. कोयाकाकांनी रेकॉर्डिंग दाखवलं. तासभर वाद झाला. एकजण म्हणाला, जाळी नाही तर खायचं काय. दुसरा म्हणाला, पिल्लं नाहीत तर उद्या जाळ्यात येणार काय. शेवटी पावसाळा लागेपर्यंत पूर्वेच्या उथळात जाळं टाकायचं नाही असं ठरलं. एवढ्यासाठी मी आले होते. ते तुमच्या दोघांमुळं झालं, आणि रचनामुळं, आणि तासभर आधी होडी वळवणाऱ्या माणसामुळं. माझं त्यात काय आहे असं विचारलं तर मला फारसं सांगता येणार नाही.

एक खरं लिहायचं राहिलं. खोल पाण्याच्या बाजूला अजून आमिष लागतं. तिथं नुसतं थांबून चालत नाही, आम्ही बघितलं करून. मी कापत नाही, सरांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. पण ते आकडे माझ्याही नावानं जाणार. पुढंही मी हेच काम करणार. सगळं सोडलं असं लिहिलं असतं तर तुला आवडलं असतं, पण मग ती पुन्हा वाळूच झाली असती.

वीस एप्रिलच्या जहाजानं निघते. बेळगावला उतरून रचनाच्या घरी बेळगुंदीला थांबू, की घरी येऊ? अण्णांना विचारून कळव. ते जे म्हणतील ते.

दिव्या

*

सदलगा,
३१ मार्च

चि. दिव्या,

घरी येऊ का, असं आपल्या घराला इचारतात व्हय? हे वाक्य मी दादाला वाचून दाखवलं न्हाय. त्यावरनं बोट फिरवून पुढचं वाचलं. लबाडी केली म्हण. ही तुला सांगून टाकली, म्हंजे झालं.

तेवीस पिल्लांचं मात्र दोनदा वाचाय लावलं त्यानं. आता गावात सांगत सुटलाय. ट्रॅक्टरवर बसून, दूध डेअरीला, जो भेटंल त्याला. काल गिरणीवाला महादेव दळण देताना मला म्हणाला, आक्का, तुमच्या दिव्यानं म्हणं चाळीस पिल्लं वाचवली? मी पिठाचा डबा उचलून घरला आलो. अजून आठ दिवसांनी शंभर हुतील. अहवालात आपलं नाव येणार ह्यावर इश्वास बसत न्हाय त्याचा. नाव नीट लिवा म्हणतोय, गोंडा, गौडा न्हवं.

तुझं ते खोल पाण्याचंबी त्यानं वाचलं. मग म्हणाला, निदान सांगती तरी. तवा बेळगुंदीला थांबायचं न्हाय. त्यो सोता बेळगावला येणार हाय तुला आणायला. रचनालाबी घेऊन ये. तिनं महिनाभर तुझ्या हातातली सुरी आपल्या हातात घेतली. त्या पोरीच्या पाया पडायची माझी तयारी हाय, पण ती लाजंल. शेंगा-गूळ काय आवडतं ते इचारून ठेव.

आता माझं. महाराज म्हणाल्यात, अक्षय तृतीयेला व्रत घ्या. मी व्हय म्हटलं न्हाय अजून. त्याआधी ज्याचं त्याचं देणं-घेणं मनातनं मोकळं करावं लागतंय, क्षमा मागावी लागती. जयाबाईची मागितली, ती म्हणाली, आक्का, त्ये लोणचं खारटच हुतं. तुझ्या आईची मागितली, तिनं माझं तोंडच धरलं. दादाची मागितली. त्यो म्हणाला, त्या शब्दाला मीच तुला भाग पाडलं, आपण दोघं सारखं. झालं सगळ्यांचं. एकच ऱ्हायलंय, आन् ते तुझं.

लई इचार केला गं. बस्तीत मी तुझ्या हातांचा शब्द दिला. हात तुझं, काम तुझं, पाळायचा तुला, आन् देताना मी तुला इचारलंसुदीक न्हाय. तुला शिकाय पाठवायची म्हणून दिला, चांगल्यासाठी दिला, ते खरं. पण त्या शब्दाखाली तुला खरं बोलाय जागाच ठेवली न्हाय मी. मग तू खोटं बोललीस आन् मी तुझ्यावरच रागावलो. गेल्या आठवड्यात बस्तीत जाऊन देवाला सांगून आलो, त्यो शब्द माझा न्हवता, परत घेतो. देव काय बोलत न्हाय, त्येला सोपं असतंय.

तुला सोपं असंल का न्हाय ठाऊक न्हाय. अशी क्षमा पत्रातनं मागत न्हाईत, समोर बसून मागत्यात. तू ये. मी हात जोडून बसंन. तू क्षमा केलीस म्हणालीस तर अक्षय तृतीयेला व्रत घेईन. न्हाय म्हणालीस तर न्हाय घेणार, पुढच्या वर्षी पुन्हा इचारीन.

तुझी
शालन